न भांडणारी कोळीण

पनवेलच्या मासळी बाजारात सखूबाईचा ओटा डावीकडून तिसरा. त्यावर तिनं तेहतीस वर्षं काढली. पहाटेच्या टेम्पोनं करंज्याच्या बंदरावरून माल आणायचा, पाणी मारून ओटा धुवायचा, देवाचं नाव घ्यायचं आणि तोंड उघडायचं. एकदा उघडलं की दुपारी पाटी रिकामी होईपर्यंत ते मिटत नसे. बाजारात नवखं आलेलं माणूस रस्ता विचारायच्या भानगडीत न पडता तिच्या आवाजाच्या रोखानं चालत मासळीच्या गल्लीत बरोबर पोचायचं.

२००९ सालच्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, माल यायला लागला, पण सखूबाईला टेम्पोत चढता येईना. तिला दोन सुना. धाकटी किशोरी बोलण्यात सासूच्या वरताण. थोरली दमयंती, गणूची बायको, वय वर्षं अडतीस. तिनं बारा वर्षं कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये काम केलं होतं. तिथं बर्फाच्या पाण्यात हात घालून दिवसभर खाली मान घालून बसायचं, आणि शेजारणीशी बोलायला गेलं तर मुकादम ओरडायचा. मुळात स्वभाव अबोल, त्यात बारा वर्षांची ही सवय. हाताची बोटं कायमची भेगाळलेली. आपल्या हक्काच्या ओट्यावर, आपल्या मर्जीनं, कोरड्या पाटावर बसायला मिळावं याशिवाय तिला दुसरं काही नको होतं.

सखूबाईनं दोघींना समोर बसवून निकाल दिला.

"थोरली हाय म्हनून आदी दमयंतीला देते. मार्गशीर्ष लागायच्या आदल्या रविवारी मी येऊन बगनार. माजी गिऱ्हाइकं जागच्या जागी दिसली तर ओटा तिचा. नाय तर किशोरीचा. आनि एक आईक दमे, बाकी कोन गेला तरी चालंल, पन फरिदा जाता कामा नये. फरिदा दुसऱ्या ओट्यावर दिसली की सगल्या बाजाराला कलतं, सखूचा ओटा बसला म्हनून."

किशोरी नुसती हसली. तिला ठाऊक होतं, दमयंती पंधरवडा काढणार नाही.

पहिले पंधरा दिवस तसेच गेले. दमयंती माल मांडायची मात्र अशी की बघत राहावं. पापलेटं लहानमोठी लावून एका ओळीत, बोंबील वेगळे, मांदेलीचे वाटे एकासारखे एक, वर स्वच्छ ओलं फडकं. पण लोक यायचे, बघायचे, थोडे घुटमळायचे आणि पुढं जायचे. पलीकडच्या ओट्यावरची भामा गिऱ्हाइकांवर अक्षरशः धावून जायची आणि तिच्यापुढं गर्दी.

"अगं ओरड जरा," भामा म्हणायची. "कोलीन गप बसली की मानसाला वाटतं, माल शिला हाय."

हे दमयंतीला नवीन होतं. मासा ताजा की शिळा हे कल्ल्यावरून कळतं, डोळ्यावरून कळतं, हे तिला लहानपणापासून माहीत. कोळणीच्या आवाजावरून कळतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

लोकांची बोलणीही ऐकू यायची. कुणी दबक्या आवाजात बोलतच नसे. एक गृहस्थ नव्या सुनेला घेऊन आले होते, ते तिला शिकवत होते, "जपून हं, भाव करायचा पण बेतानं. या कोळणी शिव्या देतात." खांदा कॉलनीतल्या नीता मॅडम मैत्रिणीला हसत म्हणाल्या, "यांच्या घरी प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडल्यासारखंच असतं." अर्ध्या हातावर दमयंती बसलेली. जणू ती त्यांना दिसतच नव्हती, किंवा दिसत असली तरी असलं बोलणं तिला लागत नसावं अशी त्यांची समजूत.

अशा वेळी सखूबाई काय करायची, ते तिला माहीत होतं. सखूबाई लोकांना हवं ते द्यायची. कुणी म्हटलं कोळीण भांडखोर, की कमरेवर हात ठेवून असा काही आवाज लावायची, की म्हणणारा खूश होऊन जास्तीचा वाटा घेऊन जायचा. "शेरातल्या मानसाला घरात कुनी मोठ्यानं बोलू देत नाय," ती सांगायची, "मंग तो बिचारा हितं येतो." किशोरीची तऱ्हा वेगळी. ती एकदा सासूबरोबर आली होती, तेव्हा अशाच एकाला तिनं त्याच्या सात पिढ्यांसकट धुऊन काढलं होतं, आणि तो जाताना म्हणाला होता, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

दमयंतीला दोन्ही जमणारं नव्हतं. सुरुवातीला ती नुसती मान खाली घालायची. पण मनात एक किडा वळवळत राहायचा. या सगळ्यांना शिव्या दिल्या तरी कोणी? करंज्यात तिनं शंभर कोळणी पाहिल्या होत्या. त्यात तोंडाळ होत्या, तशा देवभोळ्या होत्या, लाजऱ्या होत्या, दोघी तर कीर्तन करायच्या.

एक दिवस तिनं विचारूनच टाकलं. गिऱ्हाईक होते ओगलेकाका. बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात घरून आणलेली पिशवी. पापलेट उचलता उचलता ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "कोळणींच्या तोंडी लागू नये, फाडून खातात."

"काका," दमयंती हळूच म्हणाली, "तुमाला कुनी फाडून खाल्लं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि तेच ओगलेकाकांना अवघड गेलं. रागावली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

"म्हणजे... असं म्हणतात ना."

"तसं नाय, तुमाला सवताला. कंदी, कुटं?"

ओगलेकाका हिशोबी माणूस. खोटं बोलवेना. पापलेट हातात तसंच धरून ते विचारात पडले. बराच वेळ आठवून म्हणाले, "एकदा. नोकरीला लागलो त्या साली. एक बाई माझ्यावर जोरात ओरडली होती, हात लावू नको म्हणून."

"मंग तुमी हात लावला हुता?"

"दाबून बघत होतो. ताजा आहे का."

"आता दाबताय तसा?"

ओगलेकाकांनी हातातल्या पापलेटाकडं पाहिलं. त्यांचा अंगठा माशाच्या पोटात चांगला रुतला होता.

"तुमी दाबता, मागून येनारा दाबतो, तिसरा दाबतो. इसाव्या मानसाला तो मऊच लागनार. मंग त्यो म्हननार शिला. म्हनून वरडली असंल बाई. कल्ला उगडून बगा ना, हा बगा, लालभडक हाय."

भामा पलीकडून खदखदा हसली. ओगलेकाकाही हसले, दाबलेलं पापलेट त्यांनी मुकाट्यानं घेतलं आणि दर बुधवारी यायला लागले. नुसते आले नाहीत, दुसऱ्यांना कल्ले कसे बघायचे तेही शिकवू लागले. "बामनाला काय कलतंय मासलीतलं," असं भामा एकदा बोलली, तेव्हा दमयंतीनं तिलाही विचारलं, "कोन्त्या बामनाला, भामाआक्के?" भामा म्हणाली, "तुजं डोकं फिरलंय."

हा तिला नादच लागला. शिव्या ऐकण्याच्या तयारीनं आलेल्या माणसाला ती शांतपणे विचारायची, कुणी, कधी, कुठं. बहुतेकांना काही आठवायचं नाही. कुणाची आजी सांगायची, कुणी सिनेमात पाहिलेलं. नीता मॅडम तर म्हणाल्या, "अय्या, मला तर कुणीच कधी काही बोललं नाही गं!" आणि स्वतःच चकित झाल्या. काही जण चिडून निघून गेले. पण पुष्कळसे थांबले, आणि थांबलेलं माणूस मासे घेतंच. दिवाळीपर्यंत ओटा बऱ्यापैकी चालू लागला. किशोरीचं हसणं कमी झालं.

आणि नेमकी दिवाळी झाल्यावर फरिदा यायची बंद झाली.

फरिदा म्हणजे सखूबाईचं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यात राहणारी, पन्नाशीची, मासळीची पारख अशी की लांबूनच सांगावं, हा बोंबील कालचा. बुधवारी आणि शुक्रवारी तिची फेरी ठरलेली. ती यायची तेव्हा दमयंती आदरानं उठून उभी राहायची, "या भाभी," म्हणायची आणि सगळ्यांत मोठी सुरमई पुढं करायची. भाव एकच सांगायची, आणि फरिदाही काही न बोलता घेऊन जायची. असं तीन महिने चाललं होतं. दमयंतीच्या दृष्टीनं हे सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक.

पहिला बुधवार चुकला तेव्हा वाटलं, पाहुणे आले असतील. दुसऱ्या शुक्रवारी फरिदा बाजारात दिसली. भामाच्या ओट्यापुढं उकिडवी बसून, मांदेलीच्या वाट्यावरून भामाशी कडाकडा भांडत होती. सासूचा रविवार नऊ दिवसांवर होता.

तिनं भामाला विचारलं. भामा म्हणाली, "माज्या ओट्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला मी का इचारू? तूच इचार. तुला नाद हाय ना." मग जरा थांबून घराची खूण मात्र सांगितली.

पाटी रिकामी झाल्यावर दमयंती हात धुऊन मोहल्ल्यात गेली. खुणेच्या घराखाली हातभर रुंदीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आत एक किडकिडीत माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता. मागच्या भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी.

"घड्याळ बंद पडलं का, बाई?"

"नाय. फरिदा भाभींचं घर हितंच ना?"

"हेच. मी ताहेर, तिचा नवरा."

भाभींचा नवरा कुवेतला असतो, असंच दमयंती समजत होती. "तुमी कुवेतवरून कंदी आलात?"

ताहेरभाईंनी भिंग काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "कालच," ते म्हणाले. मग तिचा गोंधळ बघून त्यांनाच दया आली. "अहो, मी चेष्टा केली. बत्तीस वर्षं याच खुर्चीवर आहे. लांबात लांब म्हणजे एकदा अजमेरला गेलो. माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नाही."

"पन सगली बोलतात..."

"बोलणारच. आमच्या मोहल्ल्यातले अर्धे गेले कुवेतला, सौदीला. मग उरलेले अर्धेही तिकडंच असणार, असं लोक धरून चालतात. आधी मी प्रत्येकाला समजावत बसायचो. त्यात घड्याळं राहून जायची. आता म्हणतो, कालच आलो. लोक खूश होतात, मीही कामाला लागतो." त्यांनी वर तोंड करून हाक मारली, "फरिदा, तुझी कोळीण आली आहे."

फरिदानं तिला वर घेतलं. चहा दिला. पण चेहरा काही सैल सोडला नाही. दमयंतीनं कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं.

"भाभी, माजं काय चुकलं?"

"काही नाही. तू मोठ्या लोकांची कोळीण, मी मांदेली खाणारी बाई."

"मी असं कंदी बोलले?"

"बोलली नाहीस, हेच तर!" फरिदा उसळली. "पंचवीस वर्षं मी सखूशी भांडले. ती दहा सांगायची, मी पाच म्हणायची. ती म्हणायची घेऊ नको, मी म्हणायची ठेव तुझ्या उरावर. चार पावलं गेले की हाका मारायची. वाटा घेतला की वर टाक म्हणून मी हटून बसायची आणि ती बोटं मोडत वर दोन मासे टाकायची. त्यात घरी आल्यासारखं वाटायचं गं. आणि तू? पहिल्या दिवसापासून ती सुरमई माझ्या तोंडापुढं. मांदेलीवरचं फडकंसुद्धा माझ्यासाठी उचललं नाहीस. वर म्हणून एक बोंबील कधी टाकला नाहीस. समोर ओगलेकाकांना वर टाकतेस, नीता मॅडमला टाकतेस. मी काय परकी आहे? की मला तुझं वरचं लागत नाही?"

फरिदानं सांगितलेलं शब्दन्‌शब्द खरं होतं. कुवेतच्या पैशाचं माणूस. त्याला सुरमईच लागणार, त्याच्याशी घासाघीस केली तर त्याला कमीपणा वाटणार, आणि वरचे दोन बोंबील त्याच्या काय खिजगणतीत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं ते कधी मनाशी म्हटलंही नव्हतं. हातच आपोआप सुरमईकडं जायचा.

"मला वाटलं, तुमाला कुवेतचा पैसा..." ती पुटपुटली.

"कोण बोललं?"

कोण बोललं? दमयंतीनं आठवून पाहिलं, तर कुणाचंच नाव येईना. ओगलेकाकांना कसं झालं असेल ते तिला आत्ता कळलं.

"कुनीच नाय बोललं," ती म्हणाली. "मीच धरून बसले."

फरिदा स्वतःच ओशाळून म्हणाली, "माझंही ऐक. तू भांडत नाहीस म्हणून मी चार बायकांत सांगून आले, सखूच्या सुनेचा माल शिळा असणार. कोळीण आणि गप्प? नक्की काहीतरी लपवते आहे. तीन महिने तुझी सुरमई ताजी खाल्ली, तरी तेच सांगत होते. तौबा!"

खालून घड्याळांची टिकटिक येत होती.

"मला भांडता येत नाय, भाभी," दमयंती म्हणाली. "खरंच येत नाय. जीभच वलत नाय."

"ते तुझं तू बघ," फरिदा म्हणाली. रविवारी येते असं ती म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

ठरल्या रविवारी सखूबाई आली. गणूनं तिला टेम्पोतून उचलून उतरवलं. ती ओट्यावर पाय पसरून बसली, मांडलेला माल डोळ्यांखालून घातला. बरोबर किशोरीही आली होती, नवी साडी नेसून, जणू आजपासूनच बसायचं आहे. ओगलेकाका येऊन गेले. नीता मॅडम दोन वाटे घेऊन गेल्या. सखूबाई प्रत्येकाला नाव घेऊन मोजत होती. मग तिनं विचारलंच.

"फरिदा कुटं हाय?"

दमयंतीनं उत्तर द्यायच्या आत फरिदा समोर उभी. भामाच्या ओट्याला वळसा घालून ती सरळ इथं आली होती. दमयंतीनं मांदेलीवरचं फडकं काढलं.

"काय गं फरिदे," सखूबाई ओरडली, "आईकलं की तू भामाकडं बसतेस म्हनून? पंचवीस वर्सांचं गिऱ्हाईक आनि ही तऱ्हा?"

"बसले होते. तुझ्या सुनेनं घरी येऊन विचारलं, काय चुकलं म्हणून. मग आले. पंचवीस वर्षांत तू कधी आलीस का माझ्या घरी? माझा नवरा काय करतो ते तरी तुला माहीत आहे का?"

"आता त्यात काय इचारायचं? कुवेतला हाय तो!"

फरिदानं हातातली पिशवी खाली ठेवली. "या अल्ला! तूसुद्धा? अगं सखू, या गल्लीच्या मागं बत्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय तो! तुझ्या गणूच्या लग्नातलं घड्याळ त्यानंच चालू करून दिलं!"

"मंग तू बोललीस का नाय? मी समजत हुते बाईजवल पैसा हाय तरी दोन बोंबलांसाटी जीव टाकते, केवडी चिकट!"

"चिकट? मी चिकट? पंचवीस वर्षं तू मला चिकट समजत होतीस?"

आणि मग ज्याला भांडण म्हणतात ते सुरू झालं. पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं. कोणत्या ईदला कोणता वाटा हलका दिला, कोणत्या पावसाळ्यात कोण भाव न करता निघून गेलं, सगळं बाहेर पडलं. सखूबाईचे गुडघे गेले होते, आवाज नव्हता गेला. फरिदाही काही कमी नव्हती. गल्लीतली माणसं थांबली. पलीकडच्या भाजीच्या गल्लीतली आली. हां हां म्हणता ओट्यापुढं जत्रा भरली. किशोरीला दोन वेळा मध्ये पडावंसं वाटलं, पण दोघींनी तिला एकाच आवाजात गप्प केलं.

थांबलेल्या माणसांना दमयंती हलक्या आवाजात विचारत होती, "तुमाला काय देऊ?" कुणी बोंबील म्हटलं, कुणी बांगडा. ती कल्ला उघडून दाखवत होती, वाटा पिशवीत घालत होती, वर दोन मासे टाकत होती. लोकांचं लक्ष भांडणाकडं, हात आपोआप पिशवीकडं.

दम लागून सखूबाई थांबली तेव्हा तिनं खाली पाहिलं. ओटा रिकामा झाला होता. फक्त मांदेलीचा एक वाटा बाजूला, फडक्याखाली ठेवलेला होता.

"ह्यो कुनाचा?"

"भाभींचा," दमयंती म्हणाली.

सखूबाईनं रिकाम्या ओट्यावरून एकदा हात फिरवला. मग किशोरीकडं वळून म्हणाली, "चल, मला टेम्पोपाशी ने. हितलं आता ही बगंल."

किशोरीनं तोंड वाकडं केलं, पण हात दिला. फरिदा वाटा उचलून पिशवीत टाकत होती. टाकता टाकता थबकली आणि दमयंतीकडं डोळे मोठे करून बघू लागली.

"आणि वरचे?"

"संपले," दमयंती म्हणाली. "सगल्यांना तुमच्यामुलंच टाकावे लागले. आता बुदवारी येनार असाल तर देईन."

"बघ गं सखू," फरिदा जाणाऱ्या सखूबाईच्या पाठीमागं ओरडली, "तुझी सून मला उधारीवर बोंबील देते म्हणते!"

सखूबाईनं मागं न बघता नुसता हात हलवला. तिला अजून धाप लागली होती.